व्हर्च्युअल मशीनमधून आवाज येत नाही? लिनक्स डेस्कटॉपवर दोष शोधण्याचा नेमका क्रम

व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) नीट सुरू होते, पडदा दिसतो, इंटरनेटही चालते, पण आवाज येत नाही किंवा नुसती खरखर येते, अशी तक्रार वारंवार वाचायला मिळते. अशा वेळी बहुतेक जण सर्वप्रथम आभासी साउंड कार्डाचे मॉडेल बदलतात, मग गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत, ड्रायव्हर पुन्हा बसवतात, मग होस्टवरील, म्हणजे खऱ्या संगणकावरील, एखादी कॉन्फिगरेशन फाइल संपादित करतात, आणि शेवटी आवाज आला तरी तो कशामुळे आला हे सांगता येत नाही. पुढच्या अपडेटनंतर तोच दोष परत आला की सारे पहिल्यापासून सुरू होते. चूक तांत्रिक ज्ञानाची नसते. तपासण्याचा क्रम चुकलेला असतो. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

येथे क्यूएमू-केव्हीएम (मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम), लिबव्हर्ट (त्याचे व्यवस्थापन करणारी सेवा) आणि व्हर्ट-मॅनेजर (त्या सेवेची खिडकी) यांवर चालणारे मशीन आणि होस्टवर पाइपवायर हा ध्वनी सर्व्हर, म्हणजे सर्व ॲपचा आवाज साउंड कार्डाकडे पाठवणारा प्रोग्रॅम, गृहीत धरला आहे. फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.१० पासून डेस्कटॉपवर पाइपवायरच मूळ निवड आहे. अवतरणचिन्हांत दिलेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात.

## आधीची तयारी

प्रथम ध्वनीचा मार्ग डोळ्यांसमोर आणावा. गेस्टमधील ॲपचा आवाज गेस्टच्या ध्वनी सर्व्हरकडे जातो, तेथून गेस्टच्या ड्रायव्हरमार्फत आभासी साउंड कार्डावर, तेथून क्यूएमूच्या ऑडिओ बॅकएंडकडे, म्हणजे होस्टला आवाज देणाऱ्या भागाकडे, तेथून होस्टच्या पाइपवायरकडे आणि शेवटी खऱ्या साउंड कार्डातून स्पीकरकडे. गेस्टचा पडदा पाहण्यासाठी स्पाइस हा डिस्प्ले प्रोटोकॉल वापरत असाल तर क्यूएमू आणि पाइपवायर यांच्यामध्ये आणखी एक कडी येते, ती म्हणजे ज्या खिडकीत तुम्ही गेस्टचा पडदा पाहता ती व्ह्यूअर खिडकी. ही कडी विसरल्यामुळे होणारे गोंधळ सर्वांत जास्त आहेत.

पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात.

१. होस्टवर ‘पावूकंट्रोल’ (pavucontrol) हे साधन बसवून घ्यावे. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधील ध्वनीच्या पानापेक्षा यात प्रत्येक प्रवाह वेगळा आणि हलत्या मीटरसह दिसतो.

२. गेस्टमध्ये एक साधी ध्वनी फाइल ठेवावी, व्हिडिओ नको. थ्री-डी प्रवेग नसलेल्या गेस्टमध्ये व्हिडिओ उलगडण्यातच प्रोसेसर दमतो आणि त्यामुळे आलेली खरखर ध्वनीच्या मांडणीचा दोष वाटते.

३. व्हर्ट-मॅनेजरच्या प्राधान्यांमध्ये एक्सएमएल (मशीनची मांडणी लिहिलेली फाइल) संपादन चालू करावे आणि मशीनच्या सध्याच्या एक्सएमएलची एक प्रत वेगळी ठेवावी.

इशारा: एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक हार्डवेअर बदलानंतर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. गेस्टच्या आतून केलेला रीस्टार्ट पुरत नाही, कारण त्यात क्यूएमूची प्रक्रिया तीच राहते आणि जुने आभासी हार्डवेअरच पुढे चालते. मशीन बंद न करता ‘सेव्ह’ करून ठेवले असेल तरी तेच घडते. ‘मी बदल केला पण फरक पडला नाही’ असे म्हणण्यापूर्वी ही गोष्ट तपासावी.

## टप्पा १ : होस्टचा आवाज स्वतंत्रपणे तपासणे

सर्व व्हर्च्युअल मशीन बंद ठेवून ‘स्पीकर-टेस्ट -सी २ -टी डब्ल्यूएव्ही’ ही आज्ञा चालवावी. डाव्या व उजव्या स्पीकरमधून आलटून पालटून शब्द ऐकू आले पाहिजेत. नंतर ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ चालवून सिंक, म्हणजे आवाज बाहेर देणारी उपकरणे, या गटात ताऱ्याची खूण कोणत्या उपकरणासमोर आहे ते पाहावे. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर ती खूण अनेकदा मॉनिटरच्या नावासमोर असते, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतात.

तपासणी: होस्टवर आवाज येत नसेल तर येथेच थांबावे. व्हर्च्युअल मशीनमध्ये काहीही बदलून हा दोष जाणार नाही.

## टप्पा २ : दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवणे

संपूर्ण कामातील हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे आणि नेमका तोच वगळला जातो. मशीन सुरू करावे, गेस्टमध्ये ती साधी फाइल सतत वाजत ठेवावी, आणि फाइल वाजत असतानाच होस्टवर पावूकंट्रोलमधील प्लेबॅक हा भाग उघडावा. तळाशी असलेल्या ‘शो’ या यादीत ‘ऑल स्ट्रीम्स’ निवडावे. आता तीन शक्यता उरतात.

पहिली शक्यता अशी की, व्हर्ट-मॅनेजर, रिमोट व्ह्यूअर किंवा क्यूएमू यांच्या नावाची ओळ दिसते आणि तिच्याखालचा मीटर हलतो. याचा अर्थ गेस्ट निर्दोष आहे आणि आवाज होस्टच्या पाइपवायरपर्यंत पोहोचला आहे. त्या ओळीचे म्यूट बटण, ध्वनीची पातळी आणि तिच्यासमोर निवडलेले आउटपुट उपकरण एवढेच पाहायचे आहे. पाइपवायरचे व्यवस्थापन करणारा वायरप्लंबर प्रत्येक ॲपची पातळी, म्यूट स्थिती आणि हलवलेले उपकरण लक्षात ठेवतो. बैठकीच्या वेळी व्ह्यूअरचा आवाज एकदा बंद केला असेल, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावरही तो बंदच राहतो, आणि सर्वसाधारण आवाज कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. गेस्टमध्ये दोनदोनदा ड्रायव्हर बसवून थकलेल्या वाचकांचा दोष याच ओळीवरील एका बटणात सापडतो.

दुसरी शक्यता अशी की, ओळ दिसते पण मीटर स्थिर आहे. येथे क्यूएमू होस्टशी जोडलेले आहे, मात्र गेस्टकडून शांतताच येते. टप्पा ३ कडे जावे.

तिसरी शक्यता अशी की, ओळच दिसत नाही. फाइल खरोखर वाजत आहे आणि गेस्टच्या स्वतःच्या मिक्सरमधील मीटर हलतो आहे याची आधी खात्री करावी. तो हलत नसेल तर टप्पा ३, हलत असेल तर थेट टप्पा ४.

## टप्पा ३ : गेस्टच्या आतील तपासणी

गेस्ट लिनक्स असेल तर ‘एप्ले -एल’ (aplay -l) चालवावे. यादीत कार्ड दिसले तर ‘अल्सामिक्सर’ उघडून मास्टर आणि पीसीएम या पट्ट्यांखाली ‘एमएम’ अशी खूण आहे का ते पाहावे. ती म्यूटची खूण असून ‘एम’ ही कळ दाबल्यावर जाते. कार्डच दिसत नसेल तर ‘एलएसपीसीआय’ने आभासी कार्ड गेस्टपर्यंत पोहोचले आहे का ते पाहावे. आभासी कार्डाच्या आयसीएच९ मॉडेलसाठी इंटेलच्या एचडी ऑडिओ कंट्रोलरची ओळ दिसली पाहिजे. ती दिसते पण एप्ले मात्र रिकामे, असे असेल तर गेस्टचा कर्नल तपासावा. क्लाउडसाठी तयार मिळणाऱ्या डेबियनच्या प्रतिमेवरून बनवलेल्या गेस्टमध्ये ‘क्लाउड’ कर्नल असू शकतो आणि त्यातून ध्वनीचे ड्रायव्हर वगळलेले असतात. उबुंटूच्या छोट्या प्रतिमांत ते ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. सर्वसाधारण कर्नल किंवा ते पॅकेज बसवून मशीन पुन्हा सुरू केले की कार्ड दिसू लागते.

गेस्ट विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ दिसले पाहिजे. मॉडेल निवडताना एवढे ध्यानात ठेवावे: ६४-बिट विंडोज ७ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत एसी९७ कार्डासाठी ड्रायव्हर अंगभूत नसतो, म्हणून आयसीएच९ किंवा आयसीएच६ घ्यावे, याउलट विंडोज एक्सपीला एसी९७ सोयीचे पडते. विंडोज सर्व्हर आवृत्तीत ‘विंडोज ऑडिओ’ ही सेवा आपोआप सुरू होत नाही, ती सर्व्हिसेसमधून ‘ऑटोमॅटिक’ करावी लागते.

इशारा: गेस्टशी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आरडीपीने जोडलेले असाल, तर विंडोज आभासी कार्ड बाजूला ठेवून ‘रिमोट ऑडिओ’ वापरते. अशा वेळी लिबव्हर्टमधील कोणताही बदल निष्फळ ठरतो. रेमिना हे आरडीपीचे साधन वापरत असाल तर जोडणीच्या सेटिंगमध्ये ध्वनी ‘लोकल’ करावा.

## टप्पा ४ : क्यूएमू आणि होस्ट यांच्यातील जोडणी

येथे खरे गुंतागुंतीचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर.

१. मशीनच्या तपशिलात डिस्प्ले कोणता आहे ते पाहावे. स्पाइस असेल तर आवाज व्ह्यूअर खिडकीतून येतो. खिडकी बंद केली की मशीन चालू राहते, पण आवाज थांबतो. हा दोष नाही, तशीच रचना आहे. खिडकी उघडी असूनही ओळ दिसत नसेल तर होस्टवर जीस्ट्रीमरचे ‘गुड’ प्लगिन पॅकेज आहे का ते पाहावे, कारण स्पाइसचा व्ह्यूअर आवाज वाजवण्यासाठी जीस्ट्रीमरवर अवलंबून असतो.

२. डिस्प्ले व्हीएनसी (पडदा दाखवण्याचा दुसरा प्रोटोकॉल) असेल तर लिबव्हर्टच्या मूळ मांडणीत होस्टवरचा आवाज बंद ठेवलेला असतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मधून स्पाइस काढून टाकलेले असल्याने तेथे आणि तिच्यावर आधारित वितरणांत हीच स्थिती असते. जेथे स्पाइस उपलब्ध आहे तेथे डिस्प्ले स्पाइसवर नेणे हाच सर्वांत सोपा आणि सुरक्षित उपाय आहे, आणि माझ्या मते रोजच्या वापरासाठी तो पुरेसा आहे.

३. एक्सएमएलमध्ये ‘साउंड’ आणि ‘ऑडिओ’ असे दोन वेगळे घटक असतात. पहिला गेस्टला दिसणारे कार्ड ठरवतो, दुसरा आवाज होस्टवर कोणत्या वाटेने जाणार हे ठरवतो. स्पाइस डिस्प्ले असूनही ऑडिओ घटकाचा प्रकार ‘नन’ राहिलेला असणे ही नेहमी आढळणारी चूक आहे, विशेषतः मशीन आधी व्हीएनसीवर होते आणि नंतर बदलले तेव्हा. प्रकार ‘स्पाइस’ करावा. मशीनला एकाहून अधिक ऑडिओ घटक असतील तर साउंड घटकात दिलेला क्रमांक योग्य घटकाचा आहे का तेही पाहावे.

४. स्पाइसशिवाय थेट पाइपवायर किंवा पल्सऑडिओ (पाइपवायरच्या आधीचा ध्वनी सर्व्हर) बॅकएंड हवा असेल तर अडचण परवानगीची असते. व्हर्ट-मॅनेजर साधारणतः लिबव्हर्टच्या सिस्टिम जोडणीवर चालतो आणि तेथे क्यूएमूची प्रक्रिया तुमच्या नावाने चालत नाही. फेडोरावर ती ‘क्यूएमू’ या खात्याखाली, तर डेबियन व उबुंटूवर ‘लिबव्हर्ट-क्यूएमू’ या खात्याखाली चालते. तुमचा ध्वनी सर्व्हर मात्र तुमच्या लॉगिनचा असतो आणि त्याचे सॉकेट (इतर प्रोग्रॅमनी जोडण्याची जागा) ‘/रन/यूझर/१०००’ या तुमच्या खासगी फोल्डरात असते. परक्या खात्याला तेथे प्रवेश नाही, म्हणून आवाज नाही.

यावर दोन मार्ग आहेत. एक, मशीन लिबव्हर्टच्या यूझर सेशन जोडणीत तयार करणे. तेथे क्यूएमू तुमच्याच नावाने चालते आणि परवानगीचा प्रश्न उरत नाही, मात्र नेटवर्कची मूळ मांडणी मर्यादित असते आणि ब्रिज (गेस्टला थेट होस्टच्या नेटवर्कवर आणणारी जोडणी) हवा असल्यास वेगळी सोय करावी लागते. दोन, ‘/ईटीसी/लिबव्हर्ट/क्यूएमू.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘यूझर’ या ओळीत स्वतःचे खातेनाव देणे, लिबव्हर्टची सेवा पुन्हा सुरू करणे, आणि ऑडिओ घटकात पल्सऑडिओसाठी ‘सर्व्हरनेम’ (serverName) मध्ये सॉकेटचा पूर्ण मार्ग, किंवा पाइपवायरसाठी ‘रनटाइमडिर’ (runtimeDir) मध्ये त्या फोल्डराचा मार्ग देणे. १००० हा आकडा नकलून घेऊ नये. ‘आयडी -यू’ ही आज्ञा तुमचा आकडा सांगते. पाइपवायरचा बॅकएंड क्यूएमू ८.१ पासूनच आहे, त्याहून जुनी आवृत्ती असेल तर पल्सऑडिओच वापरावा. पाइपवायर पल्सऑडिओच्या जोडण्याही स्वीकारतो.

इशारा: दुसऱ्या मार्गाने सिस्टिम जोडणीवरील सर्व मशीन तुमच्या खात्याच्या अधिकाराने चालतात. एखाद्या गेस्टमधील घातक प्रोग्रॅम क्यूएमूची भिंत फोडून बाहेर आला तर तुमच्या फाइली त्याच्या हाती लागू शकतात. अनोळखी सॉफ्टवेअर तपासण्यासाठी व्हर्च्युअल मशीन ठेवत असाल तर हा मार्ग टाळावा.

तपासणी: सर्व काही बरोबर दिसूनही ओळ उमटत नसेल तर सिस्टिमच्या जर्नलमध्ये एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर या सुरक्षा प्रणालीच्या नकाराची नोंद शोधावी. नोंद सापडली तर तेवढ्या मार्गापुरती परवानगी द्यावी. संपूर्ण संरक्षण बंद करू नये. तसेच फेडोरा आणि आर्चवर प्रत्येक ऑडिओ बॅकएंड वेगळ्या पॅकेजमध्ये येतो, त्यामुळे हवा तो बॅकएंड बसवलेलाच नाही, ही शक्यताही पडताळावी.

जुन्या सूचनांत ‘क्यूएमू_ऑडिओ_डीआरव्ही’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवण्यास सांगितलेले आढळते. नव्या क्यूएमूमध्ये ही सोय काढून टाकली आहे. तिच्यामागे वेळ घालवू नये.

## टप्पा ५ : आवाज येतो, पण तुटतो किंवा खरखरतो

येथे आधी आकडा समजून घ्यावा. पाइपवायर आवाज तुकड्यांनी पुढे पाठवतो. ४८,००० हर्ट्झ वेगाला १०२४ नमुन्यांचा तुकडा सुमारे २१ मिलिसेकंदांचा होतो, २५६ चा केवळ ५ मिलिसेकंदांचा. गेस्टला दर तुकड्यासाठी वेळेवर प्रोसेसर मिळाला नाही की तेथे फट पडते आणि आपल्याला ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो.

फट होस्टवर पडते की गेस्टमध्ये, हे अंदाजाने ठरवू नये. होस्टवर आणि लिनक्स गेस्टमध्ये एकाच वेळी ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवावे आणि ‘ईआरआर’ हा रकाना पाहावा. ज्या बाजूचा आकडा वाढत जातो तेथे उपाय करावा.

१. गेस्टला होस्टचे सर्वच कोअर दिलेले असतील तर एक-दोन कोअर कमी करावेत. होस्टच्या ध्वनी सर्व्हरला आणि व्ह्यूअरलाही प्रोसेसर लागतो. गेस्टला जास्त दिले म्हणजे आवाज सुधारेल ही समजूत उलटी पडते.

२. होस्टवर आकडा वाढत असेल तर ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८’ ही आज्ञा द्यावी. तुकडा सुमारे ४३ मिलिसेकंदांचा होतो. खरखर थांबली तर कारण सापडले. ही किंमत तात्पुरती असते. त्याच आज्ञेत २०४८ च्या जागी ० दिला की ती रद्द होते.

३. लिनक्स गेस्टमध्ये आकडा वाढत असेल तर गेस्टमधील वायरप्लंबरच्या नियमात त्या कार्डासाठी ‘एपीआय.अल्सा.हेडरूम’ वाढवावे. २०४८ पासून सुरुवात करावी, गरज पडल्यास दुप्पट करावे.

४. विंडोज गेस्टमध्ये ध्वनी उपकरणाच्या गुणधर्मांत ४८,००० हर्ट्झ निवडावे आणि सर्व ‘एन्हान्समेंट’ बंद करावेत. मशीन तयार करताना व्हर्ट-मॅनेजरमध्ये प्रणालीचे नाव ‘जेनेरिक’ ठेवले असेल तर विंडोजसाठी लागणारी घड्याळाची मांडणी लागू झालेली नसते आणि खरखरीचे मूळ तेथेही असू शकते. एक्सएमएलमधील ‘क्लॉक’ घटकात ‘एचपीईटी’ बंद आणि ‘हायपरव्हीक्लॉक’ चालू असावा.

प्रत्येक आवाजाची सुरुवात कापली जात असेल, उदाहरणार्थ सूचनेच्या घंटीचा पहिला ठोका ऐकूच येत नसेल, तर ती खरखर नव्हे. काही सेकंद शांतता राहिली की वायरप्लंबर उपकरण झोपवतो आणि ते जागे होईपर्यंतचा आवाज हरवतो. ‘सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ ही किंमत त्या उपकरणासाठी ० केली की उपकरण जागेच राहते.

## टप्पा ६ : मायक्रोफोन

मायक्रोफोनकडे आवाज नीट आल्यानंतरच वळावे. पावूकंट्रोलचा रेकॉर्डिंग हा भाग उघडून, गेस्टमध्ये रेकॉर्डिंग सुरू करून ‘एक, दोन, तीन’ म्हणावे आणि टप्पा २ प्रमाणेच ओळ व मीटर पाहावे.

गेस्टला कार्ड दिसते पण एखादा बैठकीचा ॲप ‘मायक्रोफोन नाही’ म्हणतो, याचे कारण अनेकदा कोडेकचा, म्हणजे आभासी कार्डातील ध्वनी चिपचा, प्रकार असतो. आयसीएच९ कार्डाचा मूळ कोडेक ‘डुप्लेक्स’ गेस्टला लाइन-इन दाखवतो, मायक्रोफोन नव्हे. साउंड घटकात कोडेक ‘मायक्रो’ केला की तीच जागा मायक्रोफोन म्हणून दिसते. विंडोज १० व ११ मध्ये प्रायव्हसी सेटिंगमधील मायक्रोफोनची परवानगीही पाहावी. व्ह्यूअर स्नॅप पॅकेजमधून बसवला असेल तर रेकॉर्डिंगची परवानगी आपोआप मिळत नाही, ती हाताने जोडावी लागते.

इशारा: ब्लूटूथ हेडसेट वापरत असताना गेस्टने मायक्रोफोन उघडताच होस्ट हेडसेटला संभाषणाच्या प्रोफाइलवर नेतो आणि ऐकू येणारा आवाज एकदम पातळ, टेलिफोनसारखा होतो. गेस्टमध्ये काही बिघडलेले नसते. होस्टवर इनपुट म्हणून लॅपटॉपचा मायक्रोफोन निवडून हेडसेट फक्त ऐकण्यासाठी ठेवावा.

यूएसबी हेडसेट थेट गेस्टला देणे हा शेवटचा पर्याय समजावा. होस्टवरून तो हेडसेट नाहीसा होतो, आणि जोडणी एक्सएचसीआय (यूएसबी ३) कंट्रोलरवर नसेल तर आवाज तुटण्याची शक्यता वाढते.

## व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांसाठी

टप्पा १, २ आणि ३ जसेच्या तसे लागू पडतात. टप्पा ४ ऐवजी मशीन बंद करून सेटिंग्जमधील ऑडिओ पान उघडावे. होस्ट ड्रायव्हर ‘डिफॉल्ट’ किंवा ‘पल्सऑडिओ’ असावा, ‘नल’ नसावा. ६४-बिट विंडोजसाठी कंट्रोलर ‘इंटेल एचडी ऑडिओ’ असावा. आउटपुट आणि इनपुट यांच्या चौकटी स्वतंत्र आहेत. पहिलीत खूण करून दुसरी तशीच सोडणे हे मायक्रोफोन न चालण्याचे येथील पहिले कारण आहे.

## टप्पा ७ : तात्पुरते बदल मागे घेणे

आवाज सुरू झाला की काम संपले असे समजू नये. ‘फोर्स-क्वांटम’ ० करावा, तपासणीसाठी बदललेले कार्ड मॉडेल उपयोगी ठरले नसेल तर पूर्ववत करावे, आणि सुरुवातीला ठेवलेल्या एक्सएमएल प्रतीशी आताची फाइल ‘डिफ’ने ताडून पाहावी. तीत ज्याचे कारण तुम्हाला सांगता येत नाही असा एकही फरक राहू देऊ नये. त्यानंतर होस्ट एकदा झोपवून जागा करावा आणि मशीनचा आवाज पुन्हा तपासावा. थेट बॅकएंड वापरत असाल तर होस्टवरील पाइपवायर पुन्हा सुरू झाल्यावर जोडणी सहसा आपोआप परत येत नाही आणि मशीन पूर्ण बंद करून सुरू करावे लागते. स्पाइसवर मात्र व्ह्यूअर खिडकी बंद करून पुन्हा उघडली की बहुधा भागते. लॉगिन होण्यापूर्वी आपोआप सुरू होणाऱ्या मशीनला थेट बॅकएंड देऊ नये, कारण त्या क्षणी तुमचे ‘/रन/यूझर’मधील फोल्डर अस्तित्वातच नसते.